पेल्यातलं इंग्लिश

त्या दिवशी माझा फोन स्टाफरूमच्या कपाटात कुलूपबंद होता. आमच्या शाळेत नियमच आहे तसा, तासाला जाताना फोन कपाटात. आठवीचा तास संपवून खाली आले, कपाट उघडलं, तर अक्कांचे अकरा मिस्ड कॉल. अक्का म्हणजे आमच्या शेजारच्या बिराजदार अक्का. अख्ख्या वर्षात त्यांनी मला अकरा वेळा फोन केला नसेल. भिंतीवर दोन थापा मारल्या की मी गॅलरीत येते, मग फोन कशाला, असं त्यांचं साधं म्हणणं. मी उलटा फोन लावला. पलीकडून अक्का म्हणाल्या, "अण्णा गेले बघ, सुरेखा... अण्णा गेले." पहिल्यांदा म्हणाल्या ते माझ्या कानावरून गेलं. घंटा वाजत होती, पोरं जिन्यावरून दणदणत उतरत होती. दुसऱ्यांदा म्हणाल्या तेव्हा कळलं, आणि मी तिथेच खुर्चीत बसले.

अण्णांना मैंदर्गीला न्यायचं होतं. अक्कलकोटच्या पुढचं हे त्यांचं गाव, तिथेच त्यांची माती व्हायची होती. "ये तू, तवर गाडी थांबवते मी," अक्का म्हणाल्या. मी रिक्षाने गल्लीत पोचले तेव्हा गाडीचं इंजिन चालू होतं, पुतणे घड्याळ बघत होते, आणि अक्का गाडीच्या पुढ्यात बॉनेटवर हात टेकून उभ्या होत्या. त्यांना बाजूला व्हा म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती. "येतीय ती, पळत येतीय," एवढंच त्या सगळ्यांना सांगत होत्या. जन्मभर गाडीच्या वेळेत ज्या माणसाने एका मिनिटाची तडजोड केली नाही, त्याची शेवटची गाडी माझ्यापायी पंचवीस मिनिटं लेट सुटली. अण्णांना हे कळलं असतं तर त्यांनी मला चांगलंच झापलं असतं.

अण्णा, म्हणजे चन्नप्पा बिराजदार, सोलापूरच्या बसस्टँडवर माइकवरून गाड्या पुकारायचे. हुद्दा वाहतूक नियंत्रकाचा, पण हुद्दा कुणाच्या लक्षात राहतो? आवाज राहिला. या जिल्ह्यात ज्या कुणी त्या काळात हातात शेंगदाण्याची पुडी धरून फलाटावर गाडीची वाट बघितली असेल, त्याने अण्णांना ऐकलेलं आहे. पाहिलं मात्र नसणार. घरी ते मैंदर्गीचं मराठी बोलायचे, निम्मं कानडीत कालवलेलं, आणि अक्कांशी भांडण असलं तर निखळ कानडी. पण घोषणा करायची म्हटलं की अंगात कुणी वेगळंच संचारायचं. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे..." असं कडक इस्त्रीचं मराठी. रिटायर झाल्यावर ते जुळे सोलापुरात आमच्या शेजारी राहायला आले. आमच्या दोन रो-हाउसची मधली भिंत एकच, त्यामुळे त्यांच्या घरातली प्रत्येक घोषणा आमच्या स्वयंपाकघरात. सगळ्यात महत्त्वाची घोषणा पाण्याची. चार-पाच दिवसांआड येणारं पाणी, तेही कधी पहाटे, कधी भलत्याच वेळी. पण आमच्या गल्लीत कुणी कधी नळाला कान लावून बसलं नाही. अण्णा गच्चीवर यायचे आणि पुकारायचे, "पाणी आलेले आहे. पाणी आलेले आहे." की निघाल्या बादल्या.

इंग्लिशच्या बाबतीत त्यांचा एक दावा होता. "मला इंग्लिश येत न्हाय, सुरेखा. बोलता येतं." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले. मग त्यांनी मला ती गोष्ट सांगितली, जी पुढे मी निदान पन्नास वेळा ऐकली. एकदा स्टँडवर एक गोरं जोडपं आलं. त्यांना गोल घुमट बघायला विजापूरला जायचं होतं. ती दोघं चौकशीच्या खिडकीशी आली मात्र, आतली मंडळी एकमेकांना पुढे ढकलायला लागली. एकाला तेवढ्यात चहाची तलफ आली, एकजण टेबलाखाली पडलेलं पेन शोधायला वाकला तो वर आलाच नाही. अण्णांनी माइक पुढे ओढला आणि भरगच्च स्टँडवर फक्त त्या दोघांसाठी घोषणा केली, "अटेन्शन प्लीज. बिजापूर बस. प्लॅटफॉर्म फाइव्ह. नो सीट. ओन्ली स्टँडिंग. कम फास्ट." आणि सवयीने पुन्हा एकदा जसंच्या तसं. ती दोघं धावत सुटली, गाडी सापडली, आणि दारात लटकून त्यांनी अण्णांच्या केबिनच्या काचेकडे बघत हात हलवला. "हात केला की गं त्यांनी," अण्णा सांगायचे, "म्हंजे पोचलं. तेवढं इंग्लिश जन्माला पुरलं मला."

आता माझं सांगते. मी बावीस वर्षं विज्ञान शिकवतेय, शहराच्या पूर्व भागातल्या एका मराठी शाळेत. भोवती यंत्रमागांची खडखड, वर्गात तेलुगू, कानडी, उर्दू, मराठी अशा सगळ्या घरांतली पोरं. माझ्या तासाला पोरं झोपत नाहीत, ही माझी कमाई. ती मी कुणालाही ऐकवते. आणि चार वर्षांपूर्वी शाळेने ठरवलं की आठवीपासून सेमी इंग्लिश. म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्लिशमधून. कागदावर त्यात काही अवघड नव्हतं. माझी बी.एस्सी. इंग्लिशमधूनच झाली, वाचते, लिहिते, पेपर काढते. फक्त बोलत नव्हते. कॉलेजात एकदा सेमिनारला उभी राहिले, पहिल्याच वाक्याला मागच्या बाकावरून कुणीतरी फिसकन हसलं. ते मला हसलं की आणखी कशाला, मला आजतागायत माहीत नाही. पण मी खाली बसले ती बसलेच. तेव्हापासून इंग्लिश तोंडातून काढायचं म्हटलं की जीभ टाळूला चिकटायची आणि कानशिलं गरम व्हायची.

सेमीच्या पहिल्या दिवशी मी वर्गात गेले, फळ्याकडे वळले, आणि पस्तीस मिनिटं एक शब्द न बोलता फळा भरत राहिले. पोरं मुकाट्याने उतरवून घेत होती. हेडसर दारावरून गेले आणि म्हणाले, "वा! काय शिस्त आहे." दुसऱ्या दिवशी मी हाताने खुणा करून घसा बसल्याचं जाहीर केलं. तो घसा मी आठवडाभर बसवून ठेवला. त्याचा परिणाम असा झाला की पोरांनी घरून औषधं आणायला सुरुवात केली. एकीने खडीसाखर आणली, एकाने ज्येष्ठमध, एकाच्या अम्मीने तर काढाच पाठवला डब्यातून, आणि तो माझ्यासमोर उभा राहून, "बाई, पूरा पीना बोली अम्मी," म्हणत शेवटच्या घोटापर्यंत हलला नाही. इतका कडू काढा मी त्याआधी प्यायले नव्हते. खोट्याची शिक्षा इतक्या हातोहात मिळालेली मी दुसरी पाहिली नाही.

हेडसर काही दुधखुळे नव्हते. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि अगदी मायेने सांगितलं, "बाई, दिवाळीआधी विस्तार अधिकारी येणारेत, सेमीचे तास बघायला. तुमचा एक तास होऊ द्या. नाही जमलं तर आठवीचं विज्ञान नवीन मॅडमना देऊ. तुम्ही लायब्ररी बघा, दुपारची खिचडी बघा. तुमच्यासारख्या सीनियरला आरामच की." नवीन मॅडम इंग्लिश मीडियमच्या, गुणी पोरगी, फाडफाड बोलायची, तिचा काही दोष नव्हता. पण मला खिचडीच्या पातेल्याशी उभी केलेली मीच दिसायला लागले. पातेल्याचा अपमान करायचा नाही मला. पण विज्ञानाचा तास माझ्याकडून काढून घेतला तर मग माझं उरतंय काय? मी त्या दिवशी शाळेच्या बाथरूममध्ये जाऊन रडले, सांगायला लाज नाही.

रविवारी दुपारी अक्कांकडे शेंगा फोडत बसले होते, चटणीसाठी. शेंगा फोडताना माणूस मनातलं बोलून जातो. मी अक्कांना सगळं सांगत होते, तर पेपराआडून अण्णांचा आवाज आला, "मोठ्यानं सांग. हितं ऐकू येत न्हाय."

"मी अक्कांशी बोलतीय, अण्णा."

"मग एक वाक्य माझ्याशी बोल की. इंग्लिशमधी."

मी शेंगा खाली ठेवल्या, पदर सारखा केला आणि म्हणाले, "सॉरी अण्णा, माय इंग्लिश इज नॉट गुड."

अण्णांनी पेपर खाली घेतला. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "सॉरी कशापायी? गाडी पुकारणारा कधी सॉरी म्हणतो व्हय? गाडी दोन तास लेट असली तरी म्हणत न्हाय." आणि ते उठले, स्वयंपाकघरात गेले, ओट्यावरचा स्टीलचा पेला उचलला आणि त्यात अक्कांनी भिजत घातलेल्या मेथ्या बेसिनमध्ये उपड्या केल्या. "अय्यो! माझ्या मेथ्या!" अक्का ओरडल्या; त्यांना साखरेचा त्रास, रोज सकाळी मेथ्या चावून खायच्या. अण्णांचं लक्ष नव्हतं. त्यांनी तो रिकामा पेला माझ्या तोंडासमोर धरला. "ह्यात बोल. पेल्यात बोललं की आपला आवाज आपल्याला मोठा वाटतो. आन् समोर कोण हसतंय ते दिसत न्हाय. माझ्या केबिनमधी तसंच होतं."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला आमच्या दोन गच्च्यांवर तालीम सुरू झाली. इकडे मी पेला घेऊन, तिकडे अण्णा हात मागे बांधून. जे दिसेल त्याची घोषणा करायची. मोठ्याने करायची, माफी मागायची नाही, आणि प्रत्येक वाक्य दोनदा. "दोनदा कशाला, अण्णा?" मी विचारलं. "पहिल्यांदा फलाटावर हुबं असलेल्यांसाठी," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा पळत येणाऱ्यांसाठी. पळत येणाऱ्याला अर्धंच ऐकू येतं. त्याची गाडी आपण चुकवायची का?" मी चुकले तर ते कधी दुरुस्त करायचे नाहीत. "ते माझं खातं न्हाय. ते तुझ्या पुस्तकाचं." पहिल्याच सकाळी मी पेल्यात जीव एकवटून ओरडले, "मिल्क इज कमिंग! मिल्क इज कमिंग!" आणि आमचे हे घाबरून टॉवेलवर गच्चीत आले. त्यांना वाटलं मला काही झालं. मी त्यांच्याकडे बघून तशीच पुढे म्हणाले, "हजबंड इज कमिंग विदाउट शर्ट," दोनदा. अण्णांनी टाळी वाजवली. ह्यांनी मात्र त्यानंतर आठ दिवस सकाळी गच्चीचा जिना चढला नाही.

हळूहळू मी धीट झाले. एकदा भाजीवाला आला. पेल्यासकट मी खाली गेले आणि गाडीशी उभी राहून म्हणाले, "धिस भेंडी इज ओल्ड. धिस भेंडी इज ओल्ड." भाजीवाला म्हणाला, "अवो बाई, एकदा म्हटल्यालं कळलं की! कालची हाय, पर इतकी बी जून न्हाय." मी तिथल्या तिथे उडीच मारली. माझं इंग्लिश पहिल्यांदा एका परक्या माणसाला कळलं होतं, आणि त्याने त्यावर वादही घातला होता! त्या आनंदात मी ती भेंडी अर्धा किलो घेतली. जून होती.

या सगळ्याला एकच माणूस दाद देत नव्हतं, ते म्हणजे अक्का. अण्णांची फार इच्छा, की सकाळचा चहा झाला की अक्कांनी खालून "टी इज रेडी" असं पुकारावं. "तीनच शब्द हायत, मादेवी," ते गच्चीवरून आर्जवं करायचे. खालून उत्तर यायचं, "च्या उकळलाय. प्यायचा असंल तर या, न्हायतर ओतते बेसिनला." थोड्या वेळाने पुन्हा तेच, जरा चढ्या आवाजात, कारण पहिल्या हाकेला अण्णा कधी जागचे हलायचे नाहीत. "साकु तुमचं इंग्लिश," अक्का म्हणायच्या. साकु म्हणजे पुरे. अण्णा माझ्याकडे वळून म्हणायचे, "अख्खा जिल्हा माझ्या आवाजावर पळवला, सुरेखा. ही एक बाई जागची हलली न्हाय." पण चहा प्यायला मात्र निमूट खाली जायचे.

विस्तार अधिकारी आले तो दिवस. धडा पचनसंस्थेचा. अधिकारी आणि हेडसर मागच्या बाकावर येऊन बसले. मागचा बाकच नेमका! मी हजेरी घेतली, आकृती लावली, वर्गाकडे वळले... आणि संपलं. जीभ टाळूला. कानशिलं गरम. समोर पन्नास पोरं माझ्याकडे बघतायत, पहिल्या बाकावरची अनुषा तर ओठ हलवून मला सुरुवात सुचवतेय. एक मिनिट गेलं असेल, मला ते अख्ख्या तासाएवढं वाटलं. हेडसरांनी खाली बघितलं. मला खिचडीचा वास आला, खरंच आला. पाणी प्यावं म्हणून पिशवीत हात घातला तर हाताला तो पेला लागला, सकाळच्या तालमीनंतर पिशवीतच राहिलेला, रिकामा. मी पाणी प्यायच्या आविर्भावात तो तोंडाला लावला. स्टीलचा गार काठ ओठांना लागला आणि माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते माझं नव्हतंच.

"अटेन्शन प्लीज!"

अधिकारी बाकावर दचकले. मी पुढे निघाले. "कडक भाकरी अँड शेंगा चटणी, स्टार्टिंग फ्रॉम माउथ, गोइंग टू स्टमक, व्हाया इसोफेगस!" आणि दोनदा. पोरांना काय झालंय ते क्षणात कळलं. स्टँड कुणाला माहीत नाही? आकृतीवर पट्टी ठेवून मी गाडी पुढे काढली. स्टमकला चार तास हॉल्ट, तिथे अॅसिड चढतं. पुढे स्मॉल इंटेस्टाइन, लांबचा रूट, वळणं फार. लिव्हर आणि पँक्रियाज साइडच्या रस्त्याने येऊन मिळतात. माझं प्रत्येक वाक्य दोनदा, आणि दुसऱ्यांदा वर्गसुद्धा माझ्याबरोबर. अधिकाऱ्यांनी मध्येच विचारलं, "व्हेअर डझ अॅब्सॉर्प्शन टेक प्लेस?" मी पोरांकडे बघितलं. अनुषा उभी राहिली आणि खणखणीत म्हणाली, "स्मॉल इंटेस्टाइन, सर! ऑल गुड पॅसेंजर गेट डाऊन!" शेवटच्या स्टॉपचं नाव मी सभ्यपणे गाळलं होतं, ते वर्गाने एका सुरात सांगितलं. आणि तास संपल्याची घंटा झाली तेव्हा मी तंद्रीत होते, त्यामुळे तोंडून गेलंच, "पॅसेंजर्स, टेक केअर ऑफ युअर लगेज. थँक यू." हेही दोनदा.

वर्ग रिकामा झाला. अधिकारी फळ्याजवळ आले. मला वाटलं, आता बोलणार, हा काय तमाशा. ते मराठीत म्हणाले, "बाई, ही चाल कुठली? ही मी ऐकलीय." मी अण्णांचं सांगितलं. ते टेबलाला टेकून उभे राहिले. मग म्हणाले, "मी वैरागचा. इथे कॉलेजला होतो. शनिवारी क्लास सुटला की शेवटच्या गाडीसाठी पळत यायचो. स्टँडच्या कोपऱ्यावर आलो की आत पहिल्यांदा पुकारलेलं अर्धवट ऐकू यायचं, कुठला फलाट ते कळायचं नाही. आत शिरेपर्यंत तो माणूस पुन्हा सांगायचा. त्या दुसऱ्या वेळेवर मी तीन वर्षं घरी गेलोय, बाई." त्यांनी हेडसरांना सांगितलं, आठवी यांच्याकडेच ठेवा. आणि जाता जाता मला म्हणाले, "इंग्लिश थोडं घासा अजून. पण पोरांना गाडी मिळतीय."

मी पेढे घेऊनच अण्णांकडे गेले. सगळं सांगितलं, अनुषाचं उत्तर, वर्ग माझ्याकडे राहिल्याचं, हेडसरांचा चेहरा. अण्णा खुर्चीत पुढे सरकून ऐकत होते. शेवटी त्यांनी एकच विचारलं, "वैरागच्या त्या पोराला गाडी मिळायची ना पण?" मिळायची म्हटल्यावर मागे टेकून बसले आणि पेढा खाल्ला. अक्का म्हणाल्या, "आता तरी माझा ग्लास परत दे. चार महिने मेथ्या वाटीत भिजवतीय."

गेल्या वर्षी थंडीत अण्णांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय वाचले, वाचा अडखळली. शब्द तोंडातून निघायचे पण एकमेकांत अडकलेले. डॉक्टरांनी सांगितलं, बोलत राहा, सराव करा, सुधारेल. आणि या माणसाने बोलणंच सोडलं. कुणी भेटायला आलं की भिंतीकडे तोंड. पाटीवर लिहून दाखवायचे, "लोक हसतील." गच्चीवरची घोषणा बंद, त्यामुळे एकदा पाणी येऊन गेलं आणि गल्लीत तिघांच्या टाक्या कोरड्या राहिल्या. ती पाटी बघितली आणि माझं डोकंच फिरलं. मला टॉवेलवरच्या नवऱ्यासमोर इंग्लिश बोलायला लावणारा माणूस, तो लोक हसतील म्हणून गप्प? मी स्वयंपाकघरात गेले, पेल्यातल्या मेथ्या उपड्या केल्या. "अय्यो, पुन्हा?" अक्का म्हणाल्या, पण अडवलं नाही. मी पेला अण्णांच्या तोंडासमोर धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ओठ हलले आणि तोंडून निघालं, "सॉ... सॉरी..."

"गाडी पुकारणारा सॉरी म्हणत नाही, अण्णा!" मी ओरडलेच. माझाही आवाज फुटला होता.

डॉक्टरांनी घरच्यांची नावं म्हणवून घ्यायला सांगितलं होतं. अण्णांनी डोळे मिटले... मग पेल्यातून आलं, "कुंभारी... वळसंग... कर्जाळ... अक्कलकोट... मैंदर्गी." सगळे थांबे, ओळीने. आणि दम घेऊन पुन्हा एकदा, आणि दुसऱ्यांदा जरा स्वच्छ. "बघ! मैंदर्गी आठवलं, माझं नाव न्हाय आठवलं!" अक्का म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसत गॅसकडे वळल्या. तिथून पुढे रोज तालीम, या वेळी मी हात मागे बांधून. दोन महिन्यांनी गच्चीवरून पुन्हा पाण्याची घोषणा झाली. शब्द लडखडत होते, "आलेले" तर अर्धं गिळलं गेलं. गल्लीत कुणी हसलं नाही. सगळे बादल्या घेऊन पळाले. त्या आवाजात अण्णा आणखी सहा महिने पाणी पुकारत होते, अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत.

अण्णांना जाऊन आता काही आठवडे झाले. अक्का एकट्याच राहतात. पुतणे मैंदर्गीला चला म्हणाले, त्यांनी नाही म्हटलं. परवा रविवारी सकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खालून, त्यांच्या स्वयंपाकघरातून आवाज आला. आधी मला भास वाटला.

"टी इज रेडी."

मी हातातला कपडा तसाच धरून उभी राहिले. मग पुन्हा, थोडा चढा आवाज, "टी इज रेडी."

मी जिना उतरून त्यांच्याकडे गेले. ओट्यावर दोन कप भरलेले होते. मेथ्या वाटीत काढून ठेवलेल्या, आणि पेला अक्कांच्या हातात. मला दारात बघून त्या लाजल्या, चक्क लाजल्या, आणि पेला पदराआड घेतला.

"ऐकलंस व्हय?"

"ऐकलं, अक्का. दोनदा म्हणालात."

"मग?" त्या म्हणाल्या. "एका हाकेला कधी उठलेत व्हय ते?"